रिकामी नळी

नळीत थेंबभरही दारू नव्हती, तरी पांढरे उंदीर एकमेकांवर चढून ती चाटत होते.

"आता काय म्हणावं यांना!" प्रयोगशाळेच्या मदतनीस बाईने कपाळाला हात लावला. उंदरांना दारू पाजायचं काम तिचंच. पट्ट्यापट्ट्यांची पेटी, पिवळा दिवा, मग नळी. पुढेपुढे उंदीर पेटी दिसताच उड्या मारायला लागले. मग प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी दारू बंद केली. ओढ सुटावी म्हणून पट्टे पुसले, दिवा बदलला, नळी दुसऱ्या कोपऱ्यात लावली. उंदीर काही बधेनात.

"काल तुम्ही रजेवर होतात ना," शिपाई म्हणाला, "मीच सोडलं त्यांना पेटीत. एकानेही नळीकडे ढुंकून बघितलं नाही. पाय पसरून झोपले होते लेकाचे."

"माझ्यावर जीव आहे त्यांचा," ती हसली. आज तिला कशाचंही हसू येत होतं. नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी यायचा होता. तिथे भेटायला बंदी होती, त्यामुळे कित्येक महिन्यांत तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

कालची रजा तिने घर बदलण्यात घालवली होती. जुनी जागा जुनी तल्लफ जागवते, एवढं ती उंदरांकडून शिकली होती. म्हणून भिंतींना नवा रंग, नवे पडदे, त्याची खुर्ची भंगारात. बाहेर पिऊन कुठेतरी पडण्यापेक्षा घरात बरा, म्हणून रोज संध्याकाळी ज्या ट्रेमधून ती त्याला मोजून दारूचा पेला आणून द्यायची, तो ट्रेही तिने फेकला.

सुटायच्या वेळी दिराचा फोन आला. "वहिनी, दादा एकदम मजेत आहे. दुपारपासून नुसत्या गप्पा हाणतोय. घर ओळखूच आलं नाही म्हणाला."

ती जवळजवळ धावतच घरी पोचली. दार उघडंच होतं. नवरा खिडकीपाशी बसून भावाशी हसत बोलत होता. चेहरा भरलेला, हात स्थिर. तिचे डोळे भरून आले. चपला काढून तिने एक पाऊल आत टाकलं.

"आलीस?" तो म्हणाला आणि थांबला. हसू तसंच राहिलं, पण जीभ बाहेर आली. सावकाश ओठांवरून फिरली. पुन्हा फिरली. मांडीवरचे हात थरथरायला लागले.

"कमाल आहे गं," तो ओशाळून म्हणाला, "दिवसभर दारूची आठवणसुद्धा नव्हती."

तिला शिपायाचं बोलणं आठवलं. आत टाकलेलं पाऊल तिने हळूच उचललं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं.