शनिवारची गाडी

"तुम्ही नाझी आहात का?"

दिएपनं विचारलं, तेही मान ताठ ठेवून. पैज लावणाऱ्या तिच्या मैत्रिणी लिओनी आणि फ्रिडा तिकिटाच्या यंत्रामागे एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या.

स्टेशनसमोरच्या बाकावर टकल्या क्रेचमर बसला होता. रोजच बसायचा. काळं जाकीट, मानेपर्यंत गोंदण, पायाशी काळं कुत्रं. आज शेजारी तसलीच आणखी दोन जाकिटं होती. परक्या चेहऱ्याचं कुणी गाडीतून उतरलं की क्रेचमर त्याला पार वळणापर्यंत नजरेनं पोचवायचा, हे जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या त्या छोट्या गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"कुणाची गं तू?" क्रेचमर म्हणाला. आवाज खडीवरून हातगाडी ओढावी तसा.

"फुलांच्या दुकानवाल्यांची."

जाकिटं हसली. "उत्तर दे की तिला," त्यातलं एक म्हणालं.

क्रेचमरनं कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. "शनिवारी इथून आमचा मोर्चा निघतोय. त्या दिवशी या बाजूला फिरकायचं नाही. तू नाही, तुझ्या घरचंही कुणी नाही. आता पळ."

दिएप पळाली नाही. चालत गेली. वळण आल्यावर मात्र तिनं भिंतीला हात टेकला.

"वेडी आहेस तू," फ्रिडा धापा टाकत म्हणाली. "पण काय खणखणीत विचारलंस गं."

शाळेच्या नाटकात भांडखोर म्हातारीचं काम मिळाल्यापासून दिएपचा आवाज अख्ख्या वर्गाला पुरून उरत होता. त्याआधी ती हजेरीलासुद्धा पुटपुटायची.

दिएपचे आईबाबा तरुणपणी व्हिएतनामहून इथल्या सूतगिरणीत आले. गिरणी बंद पडली, गिरणीतली माणसं मात्र एकमेकांना धरून राहिली. त्यांची एक फोनची साखळी होती. कुणाचा पाहुणा गाडीतून उतरला की पहिला फोन, सगळे ज्याला दादा म्हणत, त्याचा यायचा, उतरला म्हणून. मग शिंपीकाकांचा, माझ्या दारावरून गेला म्हणून. मग नखं रंगवायच्या दुकानातल्या लानमावशीचा. शेवटी बाबा दुकानाच्या पायरीवर उभे. इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता, आणि आपल्यावर एवढी पाखर आहे हे बहुतेकांना कळलंही नव्हतं.

दिएपला हा सगळा भित्र्यांचा खेळ वाटे. त्यात त्या दादाला तर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. बाबांचा गिरणीतला कुणी, राहतो स्टेशनकडे, एवढंच. नव्या वर्षालाही तो घरी येत नसे. आई त्याच्या वाटणीचा पानात बांधलेला चिकट भात शिंपीकाकांकडे ठेवून येई. त्याचा पाय अधू असणार, असं दिएपनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

आणि आता हाच दादा तिच्या आणि आजीच्या मध्ये आला होता. आजी शनिवारी येणार होती, हायफाँगहून, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून. पिवळी फुलं घेऊन फलाटावर सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, हे दिएप महिनाभर घोकत होती. दादानं फोनवर सांगितलं, मोर्चा आहे, म्हातारीला एक स्टेशन आधी उतरवा आणि मोटारीनं घरी आणा. बाबा म्हणाले, बरं दादा. विषय संपला.

दिएपचा मात्र संपला नव्हता.

"टकल्या क्रेचमरनं मला धमकी दिली," ती दारातूनच म्हणाली.

आई कोथिंबीर चिरायची थांबली.

"मी त्याला विचारलं, नाझी आहात का."

"चारचौघांत?" बाबांनी विचारलं.

"मग काय कानात? त्याच्यासारखेच दोघं होते शेजारी."

"ते काय म्हणाले?"

"हसले. बाबा, मी घाबरले का ते विचारा ना."

"घाबरलीस?"

"नाही."

"मग जेवायला बस."

आई हसली. दिएप काही बसली नाही. "शनिवारी मी स्टेशनवर जाणार. माझी आजी चोरासारखी एक स्टेशन आधी उतरणार नाही. आणि हा दादा कोण लागून गेला ठरवणारा? त्यानं जावं ना त्या टकल्यासमोर. कधी तोंडही दाखवत नाही, भित्रा मेला."

"दिएप." आई कधी नव्हे ती कडक झाली. "दादांबद्दल असं बोलायचं नाही."

तेवढ्यात फोन वाजला. बाबांचे हात मासळीच्या मसाल्यानं माखलेले होते. फोन दादाचाच असणार, त्याला चार शब्द सुनावायला हीच संधी म्हणून दिएपनं झेप घेऊन फोन उचलला.

"पोरगी पोचली का घरी?"

व्हिएतनामी भाषा, थेट आईच्या गिरणीतल्या मैत्रिणी बोलतात त्याच ढंगाची. दिएपनं तोंड उघडलं, तोवर पलीकडचा पुढे बोलूही लागला.

"दोघं अगदी चिकटून बसले होते, म्हणून तोडून बोलावं लागलं. हल्ली माझ्यावर संशय आहे त्यांना. घाबरली असेल बिचारी. तिला काही सांगू नका. पण आवाज काय कमावलाय हो पोरीनं."

खडीवरून हातगाडी ओढावी तसा आवाज. मागे कुत्रं भुंकलं.

दिएपनं फोन अलगद ठेवला. आईबाबा तिच्याकडे बघत होते. तिनं खुर्ची ओढली आणि शेवयांचा वाडगा पुढ्यात घेतला.

"आजीला एक स्टेशन आधीच उतरवू या," ती म्हणाली. "आणि मी ठरवलंय, उद्यापासून रोज शाळा सुटली की त्या जाकिटांच्या देखत टकल्याला शिव्या घालून येणार."