न सांगता बंद

सिंधूताई घरात नाहीत हे पुंजाजींच्या लक्षात आलं, ते चहा आला नाही म्हणून. त्यांनी पलंगावरूनच "अवं" म्हणून हाक मारली, मग खाकरून पाहिलं. एरवी एवढ्यावर कप हातात येतो. आज आली ती फक्त समोरच्या खोलीतल्या मयुरीच्या कम्प्युटरची टकटक.

स्वयंपाकघरात ओटा पुसलेला होता. सिंधूताईंचा मोबाईल चहाच्या डब्याशेजारी ठेवलेला, चपला मात्र नव्हत्या. मेहकरात जाऊन जाऊन जाणार कुठे? पुंजाजींनी मेव्हण्याकडे फोन लावला. "इकडं नाही आल्या," मेव्हणा म्हणाला. "काऊन, भांडण झालं काय?" नाही म्हणताना पुंजाजींना नीट आठवेना, झालं होतं की काय.

"मयुरे, तुही आई काई सांगून गेली काय?"

मयुरीने कानावरचा हेडफोन खाली ओढला. "नाही बाबा. मले वाटलं, तुमाले सांगतलं असंन."

लेक पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि घरूनच काम करायची. काय काम, ते पुंजाजी चारचौघांत 'कम्प्युटरचं' एवढ्यावर भागवत.

तेवढ्यात नळ आला. नळ कोणाच्या बायकोसाठी थांबत नाही. पुंजाजींनी पायजमा वर खोचला आणि ड्रम भरला. मागोमाग दूधवाला आला. "अवं, पातेलं कुठी हाय?" ते ओरडले आणि स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाले. पातेलं समोरच होतं. दूध तापलं, भात झाला, मयुरीने दोन मिटिंगांच्या मधे वांग्याची भाजी टाकली. जेवण चांगलं झालं होतं, पण पुंजाजी दर घासाला दाराकडे बघत होते. सकाळपासूनची चिडचिड कधीच ओसरली होती आणि आता पुंजाजींची पाचावर धारण बसली होती.

"पोलिसात जाऊ काय वं?"

मयुरी भाताकडे बघत बसली होती. "बाबा, मागच्या आठवड्यात आईनं मले माह्या कामाचं विचारलं होतं."

"त्याचं आता काय?"

"ऐका तर."

तिने सांगितलं. लोकांच्या मोबाईलमधली ॲपं दूर कुठेतरी शेकडो मशीनींवर चालतात. त्या ॲपांत दिवसभर नवे बदल पोचवायचे आणि ॲप क्षणभरही बंद पडू द्यायचं नाही, यासाठीची साधनं तिची कंपनी बनवते. मयुरीकडे त्यातली तपासणी होती. चालू मशीनींतली एखादी मुद्दाम बंद पाडायची आणि बाकीच्या सांभाळून घेतात का, ते बघायचं.

"चांगली चालती मशीन बंद पाडता? न सांगता?"

"सांगतलं तर तपासणी कायची? आईनंही हेच विचारलं. मंग म्हणे, एक बंद पडली हे बाकीच्याइले कसं समजते? मी म्हटलं, त्या एकमेकीले सारखं विचारत राह्यतात. आहेस काय? आहे. आहेस काय? आहे. उत्तर नाही आलं का समजाचं, बंद पडली."

पुंजाजींच्या डोक्यात काही शिरलं नाही. पगार देऊन मोडतोड करवून घेणारी कंपनी त्यांना आधीच संशयास्पद वाटत होती. त्यात आपली बायको कुठून आली, हे तर त्याहून कळेना.

ऊन उतरताना दारात रिक्षा थांबली. सिंधूताई उतरल्या, पायऱ्या हळूहळू चढल्या आणि कोणाशी न बोलता आधी स्वयंपाकघरात गेल्या. ड्रमवरचं झाकण उचलून पाहिलं. दुधाचं पातेलं पाहिलं.

"चाललं म्हणजे," त्या म्हणाल्या.

पुंजाजींच्या तोंडाशी राग आला होता आणि थोडी फुशारकीही. आधी बाहेर पडली ती फुशारकी. "काईच अडलं नाही. पाणी भरलं, दूध तापवलं, भात केला."

"बरं झालं." सिंधूताई खुर्चीवर टेकल्या. "मंग सोमवारी भरती व्हा लागते. बुलढाण्याले दवाखान्यात गेली होती. गर्भपिशवीले गाठ हाय, काढा लागते म्हणे. पुढं महिना-दीड महिना काई उचलाचं नाही. दिवाळीपासून टाळून राह्यली मी, घर कसं चालन म्हणून."

"आन् मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी विचारलं कधी?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या, म्हणून ते जास्तच लागलं. दिवाळीपासून हंडा उचलताना ती कमरेवर हात ठेवायची, हे पुंजाजींनी पाहिलं होतं. वय झालं, असं म्हणून ते पेपर वाचत बसले होते. आज घर त्यांनी चालवलं होतं. त्यात आपण पास झालो की नापास, हे काही त्यांना उमगेना. वाईट मात्र फार वाटलं.

सिंधूताई आतल्या खोलीत आडव्या झाल्या. पुंजाजींनी चहाचं आधण ठेवलं.

"अवं, आहेस काय?"

"आहे."

त्यांनी आलं ठेचून टाकलं, साखर टाकली.

"आहेस काय?"

"आहे ना. मी कुठी जातो?"

समोरच्या खोलीतली टकटक थांबली होती. पुंजाजींनी चहात दूध ओतलं आणि पुन्हा हाक मारली. या वेळी उत्तर आलं नाही. चहा तसाच गॅसवर टाकून ते आत धावले. सिंधूताईंना झोप लागली होती. श्वास चालू होता. तो बघत पुंजाजी उशाशी उभेच राहिले आणि मागे चहा उतू जात राहिला.