चार चिठ्ठ्या, एकच घडी

धाकट्या ढोलकीने मतांचा डबा उपडा केला आणि चारही चिठ्ठ्या इस्त्रीच्या टेबलावर पडल्या. उद्या खरं मतदान होतं, आणि शाळेने सांगितलं होतं की आदल्या दिवशी घरी सराव घ्या, सगळ्या कुटुंबाला सामील करा. ढोलकीचं मतदानाचं वय झालेलं नव्हतं, म्हणून ती अधिकारी झाली होती आणि दुपारपासून सगळ्यांवर डाफरत होती.

विषय बाबांनीच दिला होता: ताईने नर्सिंगला परगावी जावं, की इथेच घरच्या लाँड्रीत राहावं. "होऊन जाऊ दे एकदाचं रीतसर," ते म्हणाले होते. "मग कुणी तोंड पाडून बसायचं नाही." आई कायम त्यांच्याच बाजूची, आजोबा कुणाच्या अध्यात ना मध्यात. ताई एकटी पडणार, हे बाबा धरूनच चालले होते.

"जावं," ढोलकीने पहिली चिठ्ठी वाचली. "जावं. जाऊ नये." चौथी उघडताना तिचा आवाज चिरकला. "जावं. तीन विरुद्ध एक. ताई जाणार."

ताईने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. बाबांनी एकेकाकडे पाहिलं, गिऱ्हाइकाची साडी गहाळ झाल्यावर पाहायचे तसं.

"आण त्या इकडे."

घडी बघून ती कुणी घातली हे ते ओळखायचे, गिऱ्हाइकांशी पैज लावून. अक्षराचा तर प्रश्नच नव्हता, अधिकारीबाई ढोलकीने दोन्ही पर्याय स्वतः लिहून बाकीच्यांना फक्त फुलीची परवानगी दिली होती. त्यांनी चिठ्ठ्या परत घडीवर मिटल्या, उजेडात धरल्या, अंगठा फिरवला. चारही कडेला कड, मधली रेघ सुरीसारखी. एकेकाच्या पाठीशी उभं राहून त्यांनीच ही घडी शिकवली होती. त्यांतली आपली कुठली, हेही त्यांना सांगता येईना.

"अण्णा, तुम्ही?"

"मी तुझ्याच बाजूने," आजोबा चष्मा पुसत म्हणाले.

"आणि ताई, तू?"

"मी पण तुमच्याच, बाबा."

ढोलकीला हसू आवरेना.

"सगळे माझ्याच बाजूने. मग ही तीन मतं काय इस्त्रीने टाकली?" बाबांनी चिठ्ठ्या टेबलावर आपटल्या. "हे असलं चालायचं नाही. हात वर करून घेऊ."

"निकाल जाहीर झालाय," ढोलकी म्हणाली. "आता नाही बदलता येत."

"घेऊ दे गं त्याला," आजोबा म्हणाले. "उद्या केंद्रावरही हात वर करूनच मत देईल."

बाबांनी ते कानाआड केलं आणि आईकडे वळले. ती पाठमोरी उभी राहून अभ्र्यांवर पाणी शिंपडत होती.

"तू तरी खरं सांग."

"तुमचं तेच माझं," आई म्हणाली.

लग्नापासून हेच वाक्य, याच आवाजात. बाबा मान डोलवायला गेले आणि मध्येच थांबले. दुकानामागच्या या दोन खोल्यांत राहायला यायचं ठरलं तेव्हा ती हेच म्हणाली होती. तिची शिलाई मशीन विकली तेव्हाही. कपाळावर एक आठी चढली, मग दुसरी.

"मशीन विकायचं विचारलं," ते हळूच म्हणाले, "तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस. ते तरी खरं होतं ना?"

आईने अभ्रा झटकला, टेबलावर पसरला, तळव्याने सुरकुती काढली.

"तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतं," ती म्हणाली.