पाण्याचा पेला

कोलशेतच्या आमच्या टॉवरचं क्लबहाउस म्हणजे खाडीकाठचा रावसाहेबांचा जुना बंगला. शनिवारी तिथे ‘मर्डर मिस्ट्री’ची संध्याकाळ होती, बायका नऊवारीत, पुरुष फेट्यात. सेक्रेटरीकाकांनी आधी सगळ्यांना बंगला फिरवून दाखवला. मागच्या लोखंडी जिन्यापाशी थांबून ते कौतुकाने म्हणाले, "हा झाडूवाल्या शिवरामसाठी. घराण्याचं सोवळं एवढं कडक, की त्याला उंबरा ओलांडायची बंदी होती."

मग दिवाणखान्यात येऊन, खटल्याचे जुने कागद हातात घेऊन त्यांनी तिथे खरोखर घडलेल्या खुनाची गोष्ट रंगवली. १९३४ची मेजवानी, ठाण्यातले बडे पाहुणे आणि विष घातलेलं पाणी पिऊन कोसळलेले रावसाहेब.

"पेला शिवरामनेच त्यांच्या हातात दिला, असं सगळ्या पाहुण्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं. त्याला फाशी झाली. कोणाला काही शंका?"

चौदाव्या मजल्यावरची अमृता उठली आणि तिने सरळ माईक हातात घेतला.

"काका, शिवराम माझे पणजोबा. ज्यांना उंबरा बंद होता, त्यांच्या हातचं पाणी रावसाहेब प्यायले?"

तिने माईक काकांसमोर धरला.

"आता त्या पाहुण्यांची नावं वाचा. मोठ्याने."