युगुलगीत

निवृत्त नर्सबाईंनी वायर लावून लॅपटॉप टीव्हीला जोडला. कराओकेच्या गाण्याचे शब्द टीव्हीवर झळकले, पण आवाज काही टीव्हीतून येईना. त्यांनी टीव्हीचा आवाज पार वर नेला, लॅपटॉपवर दिसेल ते दाबून पाहिलं आणि एकदाचं युगुलगीताचं संगीत असं दणाणलं, की कपाटातल्या बशा थरथरल्या. बाई मात्र रंगात येऊन आपल्या वाट्याच्या ओळी गाऊ लागल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, चमचा पडला तरी भांडायला येणारे! बाईंनी घाईघाईने हात जोडले.

"चुकलं हो काका, लगेच बंद करते."

 

"बंद कशाला? पुरुषाच्या ओळी मी खालून गातोय, त्या तुम्हाला ऐकूच येत नाहीयेत!"