जेवणाचं तेवढं वगळ

"जेवणाचं तेवढं वगळ," अन्सेल्मो म्हणाला. "विजेचे झटके सांग, डोळ्यांवरची पट्टी सांग. कोर्टाला तेवढं पुष्कळ झालं."

रोसारिओ शहराच्या कोर्टात, साक्षीदारांच्या बाकावर, नेलिदा आत बोलावण्याची वाट बघत बसली होती. लष्करी राजवटीत तिला छुप्या तुरुंगात डांबणारा कॅप्टन आज आत आरोपी म्हणून बसला होता. आणि हा अन्सेल्मो, तिच्याच पक्षाचा जुना पुढारी, जन्मात एक दिवस कोठडी न बघितलेला, तिला साक्ष कशी द्यायची ते शिकवत होता. आलाय मोठा शहाणा! बरोबर दोन कॉम्रेड आणले होते, माना डोलवायला.

"का वगळू?" तिने विचारलं.

"अगं, त्यांचा वकील टपूनच बसलाय. कॅप्टनबरोबर हॉटेलात जेवायला गेलीस, तीही नटूनथटून. लोक काय अर्थ काढतील?"

"नटले नव्हते. नटवलं होतं मला. कोठडीतून काढलं, ड्रेस घातला, ओठ रंगवले. मी सुधारले की नाही ते बघायचं होतं त्याला. बोटं इतकी सुजली होती, काटा-चमचा धरता येईना. फिदीफिदी हसत होता मेला."

एका कॉम्रेडने मान खाली घातली. अन्सेल्मोने घड्याळ बघितलं.

"ते सगळं खरं गं. पण चळवळीचं नाव..."

"चळवळीचं, का तुझं?" नेलिदा म्हणाली. "शेजारच्या टेबलावर तूच होतास ना? बायको-मुलांना घेऊन. मी तुझ्याकडे मीठ मागितलं, हात पुढे केला. तू टेबलाच्या कडेवर ठेवलंस. हातात दिलं की भांडण होतं म्हणे!"

त्या जेवणाबद्दल 'कानावर आलंय' एवढंच तो आजवर सांगत आला होता. दोघे कॉम्रेड आता त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. दुसऱ्याला धडे देताना कसा घडाघडा बोलत होता पुढारी, आता पुटपुटायला लागला.

"मी काय करणार होतो?" तो म्हणाला. "त्यांच्याकडे पिस्तुलं होती. माझी पोरं होती बरोबर."

"काहीच करू शकत नव्हतास. भ्यालास, त्याचं मला काही नाही. मीही भ्यालेच होते."

"मग झालं तर!"

शिपायाने दार उघडून तिचं नाव पुकारलं. नेलिदा उठली, स्कर्ट नीट केला.

"दुसऱ्या दिवशी तुझी भीती बरी पळाली. नेलिदा फितूर झाली, कॅप्टनची रखेल झाली, म्हणून पक्षभर सांगत सुटलास. माझी आई तुझ्याच गल्लीत राहायची, अन्सेल्मो. माझा फोटो घेऊन रोज तुझ्या दारावरून जायची. तिला एवढंही नाही सांगितलंस, की पोरगी जिवंत आहे."