वाकड्या चोचीचा कावळा

“अख्ख्या परसात हिला कावळाच सापडला!” अप्पा पुटपुटले. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांचं पुटपुटणंसुद्धा शेजारच्या घरापर्यंत पोचायचं. ऐंशीव्या वाढदिवसाचा नवा कोरा शर्ट घालून ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले होते आणि परसात उपड्या बादलीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे रागाने बघत होते.

सून त्यांच्या मागेच उभी होती. तिने हसून ओठांवर बोट ठेवलं. ती बाहेर दिसली की कावळा लिंबावरून खाली उतरत नसे, म्हणून कॅमेऱ्याला टायमर लावून ती घरात यायची. खटका आपोआप पडायचा. पूर्वी ती शीळ घालून खारींना बोलवायची. आता शीळ वाजत नव्हती, मग जिभेने टकटक करून भागवायची.

फोटोंचा हा नाद दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतरचा. त्याआधी तिला कॅमेरा कुठून उघडतो हेही ठाऊक नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून आरसा पुढे धरायची. आजारातून उठल्यावर मालकांनी तिला आतल्या खोलीत काचा तपासायला बसवलं. “तेवढाच आराम,” म्हणाले. घरात कार्य निघालं की जो तो कॅमेरा तिच्या हातात द्यायला लागला. “तुझ्यासारखा फोटो कुणाला येतच नाही गं!” हातात आलाच आहे तर शिकावं, म्हणून ती शिकली. लॅपटॉपवरचं एकेक बटण दाबून बघत फोटो रंगवायलाही शिकली. खारीला पेन्सिलचा इफेक्ट दिला, सरड्याला तैलरंगाचा. तो सरडा बघून अप्पांनी विचारलं होतं, “हा कुठला राजा?”

आणि मग हा कावळा आला. त्याची वरची चोच एकीकडे, खालची दुसरीकडे, स्क्रू ढिला झालेल्या कात्रीसारखी. पावाचा तुकडा उचलायचा तर मान पार आडवी करावी लागायची. निम्मं खाली सांडायचं, पण सांडलेल्यावर दुसरा कुणी आला की असा धावून जायचा की त्याची पळता भुई थोडी. गेल्या आठवड्यात त्याने मान आडवी करून थेट कॅमेऱ्यात बघितलं होतं. ‘काय बघतेस?’ असं. तिने मागची पानं जलरंगात विरघळवून टाकली, भिंत पुसट केली, कावळा मात्र होता तसा ठेवला. पुढच्या खोलीतल्या रिकाम्या खिळ्यावर हाच लागणार, असं तिने घरात जाहीरही केलं होतं.

“आई, बाहेर ये! गंमत बघ,” मुलाने हाक मारली.

पुढच्या खोलीत नवरा, नणंद आणि मुलगा लॅपटॉपभोवती उभे होते. पडद्यावर तिचाच लिंब होता, तिचीच विरघळलेली पानं. मधल्या कावळ्याची चोच मात्र नव्या पेन्सिलीसारखी सरळ.

“वहिनी, आता कसा कावळ्यासारखा कावळा दिसतोय,” नणंद म्हणाली.

“हा कोण?” तिने विचारलं.

“अगं आई, तुझाच! मी फक्त जरासा हात फिरवला.”

“माझ्या कावळ्याची चोच वाकडी आहे.”

नणंद पंख्याकडे बघायला लागली. ‘वाकडं’ हा शब्द त्या घरात कुणी काढत नसे. भिंतीवरचं घड्याळ कललं तरी ‘जरा हललंय’ म्हणत.

तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि मुलाने केलेलं एकेक मागे घेतलं. चोच थोडी वळली, आणखी वळली, आणि कात्री जागेवर आली. तिने फोटो सेव्ह केला.

“आल्यागेल्याला काय सांगायचं?” नवरा म्हणाला. “त्या खिळ्यावर अप्पांबरोबरचा आपला सगळ्यांचा फोटो लावू म्हणत होतो मी.”

“दुसरा खिळा ठोका.”

“बरं बाई, ठोकतो. चल आता, उजेड जाईल. तूच काढ. तुझ्या हातची सर कुणाला नाही.”

परसात अप्पांना खुर्चीवर बसवलं. मागे नवरा, नणंद आणि मुलगा खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मधे बोटभरही जागा उरली नाही. तिने भिंगातून एकदा सगळ्यांना नीट पाहून घेतलं. मग कॅमेरा बादलीवर ठेवला, बटण दाबलं आणि तरातरा चालत आली.

“सरका.”

“अगं, मग फोटो कोण काढणार?” नवरा म्हणाला.

“कावळ्याचा कोण काढतं?” ती कोपराने जागा करत त्याच्या शेजारी घुसली.

“ये ना आई, ये,” मुलगा घाईघाईने म्हणाला. “मी नंतर सगळ्यांनाच मस्त जलरंगाचा इफेक्ट मारतो. म्हणजे कसं, सगळेच जरा...”

“माझ्या तोंडाला हात लावायचा नाही.”

बादलीवर लाल दिवा लुकलुकत होता. अप्पा त्याच्याकडे बघत होते. मग मान वळवून त्यांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, “आपोआप निघतो ना हा? मग दोन वर्षं हिला पलीकडे का उभी करत होतात?”

नवऱ्याने चपलेकडे बघितलं. नणंदेने उगाच केस सारखे केले.

ती अप्पांच्या कानाशी वाकली, पण बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“माझं तोंड वाकडं झालंय म्हणून, अप्पा. आता समोर बघा.”